फेस आणि गाळ

गुऱ्हाळात काहिलीला उकळी आली, की फेसाबरोबर मळी वर येते. गुळव्या ती झाऱ्याने काढून टाकतो. कामाचे ते खाली राहते. दगडी कोळशाची पूड धुण्याच्या कारखान्यात नेमका उलटा व्यवहार चालतो. तिथे फेस जपायचा आणि गाळ टाकायचा.

झरियाचा कोळसा पोलादाच्या भट्ट्यांना हवा असतो, पण त्यात राखेचा अंश फार. मोठी ढेकळे असली, तर दगड जड आणि कोळसा हलका एवढ्या भेदावर निवड होते. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक पूड झाली, की हा भेद फारसा उपयोगी पडत नाही. हलके काय नि जड काय, दोन्ही कण पाण्यात रेंगाळतात. मग दुसरा गुण पाहावा लागतो. माती पाण्याने चटकन भिजते, कोळसा भिजायला नाखूष असतो. पूड कालवलेल्या पाण्यात थोडे डिझेल आणि फेस धरणारे पाइनचे तेल घालून हवा घुसळली, की कोळशाचे कण बुडबुड्यांना बिलगून वर येतात. माती खाली राहते. वरचा काळा फेस काढून घ्यायचा, त्यातले पाणी गाळायचे, की काम झाले.

ही युक्ती मूळची धातूंच्या खाणींतली. ती सुचली कोणाला? अमेरिकेत एक गोष्ट पुष्कळ वर्षे सांगितली गेली. कोणी एक शिक्षिका भावाची धातुकाची पोती धूत होती. साबणाच्या फेसावर चकाकते कण तरंगताना तिला दिसले, आणि शोध लागला! मी शिक्षक असल्याने आमच्या पेशाचा हा गौरव मला गोड लागायला हवा. पण तो खोटा आहे, आणि ज्या बाईंच्या नावावर तो मांडला त्यांच्यावर अन्याय करणारा आहे.

कॅरी एव्हरसन या शिकागोतील एका डॉक्टरांच्या पत्नी. पतीचा खाणीत घातलेला पैसा बुडाला, तेव्हा त्या स्वतः धातुकांचा अभ्यास करू लागल्या. तेल आणि आम्ल वापरून धातुक निवडण्याच्या रीतीचे पेटंट त्यांनी १८८६ साली मिळवले. त्या पहिल्या होत्या असेही नव्हे. ड्रेस्डेनच्या बेसेल बंधूंनी १८७७ सालीच तेल घातलेले पाणी उकळून, बुडबुड्यांवर ग्रॅफाइट वर आणले होते. आणि ग्रॅफाइट म्हणजे कोळशाचाच भाऊबंद! पुढे ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल येथे जस्ताचा टाकाऊ गाळ डोंगरासारखा साठला. तो उपसण्याच्या गरजेतून पॉटर, डेलप्रा आणि १९०५ नंतर लंडनची मिनरल्स सेपरेशन कंपनी यांनी ही विद्या धंद्यात उतरवली. अमेरिकेत खटले झाले, त्यांत एव्हरसनबाईंचे जुने पेटंट पुन्हा चर्चेला आले. पण त्या १९१४ सालीच वारल्या होत्या.

बेसेल किंवा डेलप्रा यांना पोती धुताना शोध लागला, असे कोणी म्हटले नाही. पुरुषाची बुद्धी आणि बाईचा योगायोग, अशी ही वाटणी. वर्गातल्या मुलींना गोष्ट सांगायचीच असेल, तर पोत्यांची नको. १८८६ च्या त्या कागदाची सांगावी.