रिंकार्ट, मार्टिन

(१५८६–१६४९). जर्मन ल्यूथरन पाळक व स्तोत्रकार. जन्म साक्सनीतील आयलेनबुर्क गावी. १६१७ पासून तेथेच सेवा. तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) या तटबंदीच्या गावात निर्वासितांची दाटी झाली आणि १६३७ मध्ये प्लेगची साथ आली. गावात पाळक म्हणून ते एकटेच उरले. एकेका दिवशी चाळीस-पन्नास जणांना मूठमाती द्यावी लागे. चार हजारांहून अधिक दफनविधी त्यांनी केले आणि त्यांत त्यांच्या पत्नीचाही होता. मागोमाग दुष्काळ पडला, तेव्हा घरातले धान्य वाटून ते कर्जात बुडाले.

‘नुन डांकेट आले गॉट’ (आता सर्व जण देवाचे आभार माना) हे त्यांचे स्तोत्र सुमारे १६३६ चे. मुळात ती मुलाबाळांसह जेवताना म्हणायची साधी प्रार्थना. आधार सिराख ग्रंथाच्या पन्नासाव्या अध्यायाचा. प्रेतांच्या राशीत ते सुचले, ही प्रचलित समजूत कालक्रमाशी जुळत नाही. पण ताटावर म्हटलेले आभार पत्नीला पुरून आल्यावरही त्यांनी मागे घेतले नाहीत, हे त्याहून मोठे. संकटातील ख्रिस्ती कृतज्ञता दुःख नाकारत नाही. त्याच स्तोत्रात संकटमुक्तीची याचनाही आहे. योहान क्र्यूगर यांच्या १६४७ च्या चालीवर ते आजही गातात.