न दिसलेला पक्षी

शाळेत आम्हांला वर्डस्वर्थची ‘टू द कुक्कू’ ही कविता होती. मास्तरांनी फळ्यावर ‘कुक्कू म्हणजे कोकिळा’ असे लिहून दिले, आम्ही ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले आणि वर्गातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आंब्याचा मोहोर उभा राहिला. इंग्लंडातल्या कंबरलंड परगण्यात आंब्याचे झाड नाही, ही गोष्ट कोणाच्या मनात आली नाही. ‘निसर्गकवीने केलेले वसंताचे वर्णन’ एवढा अर्थ परीक्षेला पुरत असे. पुढे पुष्कळ वर्षांनी मी ती कविता पुन्हा वाचली, आणि तिच्याभोवतीचा इतिहासही वाचला. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की ती कविता वसंताची नाहीच, आणि पक्ष्याची तर जवळजवळ नाहीच.

पण आधी पक्ष्याचा निवाडा लावून टाकू. आपला कोकीळ काळाभोर. तो आमराईत बसून खालून वर चढत जाणारा स्वर लावतो. (गातो तो नर. ‘कोकिळा गाते’ असे आपले कवी लिहीत आले, पण मादीच्या गळ्यात नुसते किक्-किक् आहे.) इंग्रजांचा कुक्कू राखाडी रंगाचा, छातीवर आडव्या रेघा असलेला, लांबून शिकऱ्यासारखा दिसणारा. त्याचे स्वर दोनच, तेही वरून खाली उतरणारे. रूपाने आणि स्वभावाने त्याच्या जवळचा आपल्याकडचा नातलग शोधायचा, तर तो पावशा. मृगाच्या तोंडावर ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याच्या मागे लागणारा, दिवसभर ऐकू येणारा आणि क्वचितच नजरेस पडणारा! हिंदुस्थानातल्या साहेबांना त्याच पावशाच्या ओरडण्याने डोकेदुखी होई, आणि त्यांनी त्याला ‘ब्रेन-फीव्हर बर्ड’ असे नाव ठेवले. तिघांत एक दुर्गुण मात्र समान आहे. तिघेही घरटे बांधत नाहीत. कोकीळ कावळ्याच्या घरी, पावशा सातभाईंच्या घरी आणि कुक्कू तिकडच्या लहानसहान पाखरांच्या घरी आपली अंडी ठेवून मोकळा होतो.

आता कविता. तिची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते. गवतावर पडलेल्या माणसाला कुक्कूचा आवाज येतो. त्याला वाटते की हा पक्षी नसून नुसता हिंडणारा स्वर असावा. शाळकरी वयात हाच आवाज ऐकून आपण झुडपांत, झाडांत, आभाळात त्याला शोधत रानोमाळ भटकलो, तो कधी दिसला नाही, हे त्याला आठवते. आणि आजही ऐकत राहिले की ते सोन्यासारखे दिवस परत येतात, पायांखालची जमीन पुन्हा परीराज्यातली होते, असे तो म्हणतो. संपली कविता. शब्द इतके सोपे की इयत्ता सातवीच्या मुलाला कोश लागू नये.

अवघड आहे तो एक साधा प्रश्न. कवीने हा आवाज ऐकला केव्हा?

याचे उत्तर कवितेत नाही, ते त्याच्या बहिणीच्या रोजनिशीत आहे. विल्यमहून पावणेदोन वर्षांनी लहान असलेली डोरोथी तेव्हा त्याच्यासह ग्रासमियर गावात एका लहानशा घरात राहत होती. ‘डव्ह कॉटेज’ म्हणून आज प्रवासी पाहायला जातात ते हेच घर. तिने १८०० ते १८०३ या काळात तिथे रोजनिशी लिहिली. छापली जावी म्हणून ती लिहिलेली नव्हती; विल्यमला वाचून आनंद व्हावा, एवढाच तिचा हेतू होता. कणीक, धुणे, शेजारपाजार, दारी आलेले भिकारी, भावाचे डोके दुखणे, आणि त्यातच मधूनमधून कवितांच्या जन्मतारखा. १८९७ साली विल्यम नाइट यांनी ती ग्रंथरूपाने छापली, तीही काटछाट करून. म्हणजे कविता छापून झाल्यावर नव्वद वर्षांनी वाचकांच्या हाती तिची खरी पार्श्वभूमी आली.

त्या रोजनिशीप्रमाणे विल्यम कुक्कूच्या कवितेवर काम करीत होता २३ मार्च १८०२ रोजी. डोरोथी शेजारी बसून शिवण शिवत होती. रात्री दहाच्या सुमारास तिने जे टिपून ठेवले आहे ते वाचताना मी नेहमी थांबतो. रात्र शांत आहे, चुलाण्यातला जाळ फडफडतो आहे, घड्याळ टिकटिकते आहे, आणि भावाच्या श्वासोच्छ्वासाखेरीज व मधूनच उलटलेल्या पानाखेरीज तिला काहीही ऐकू येत नाही, असा त्या नोंदीचा भाव आहे.

आणि कुक्कू? तो त्या दिवशी इंग्लंडात नव्हताच! हा पक्षी हिवाळा आफ्रिकेत काढतो. २०११ पासून इंग्रज पक्षितज्ज्ञांनी काही कुक्कूंच्या पाठीवर इवलीशी यंत्रे बांधून उपग्रहांच्या साहाय्याने माग काढला, तेव्हा ते काँगो नदीच्या खोऱ्यातल्या अरण्यांपर्यंत जातात असे दिसून आले. उत्तर इंग्लंडात तो परततो एप्रिल अर्धा सरल्यावर. डोरोथीच्या रोजनिशीत त्या वर्षी कुक्कू ऐकल्याची नोंद आहे ती १ मे रोजी. म्हणजे ‘ऐकतो आहे’ म्हणणाऱ्या कवीच्या कानांवर तेव्हा घड्याळाखेरीज कसलाही आवाज नव्हता. निसर्गवर्णन म्हणून शिकवली जाणारी ही कविता निसर्गाच्या गैरहजेरीत, विस्तवाशेजारी बसून, निव्वळ आठवणीतून लिहिलेली आहे. मला हे कळले त्या दिवशी ‘वसंताचे वर्णन’ हा अर्थ मी मनातून खोडून टाकला.

मग आठवण कशाची? वर्डस्वर्थचा जन्म ७ एप्रिल १७७० चा, कॉकरमथ गावचा. वडील एका बड्या जमीनदाराचे वकील-कारभारी. पाच भावंडे. विल्यम आठ वर्षांचा होण्याच्या आत आई गेली, आणि घर मोडले. डोरोथीला दूर हॅलिफॅक्सला नातेवाइकांकडे पाठवले, आणि पुढली नऊ वर्षे या भावाबहिणीची भेट नाही. विल्यमची रवानगी १७७९ साली हॉक्सहेडच्या शाळेत झाली. राहायला अ‍ॅन टायसन नावाच्या प्रेमळ बाईंचे घर. १७८३ च्या डिसेंबरात वडीलही वारले. जमीनदाराकडे त्यांची हजारो पौंडांची बाकी होती, ती त्याने मरेपर्यंत दिली नाही. पोरांचे पोरकेपण त्यामुळे परावलंबी झाले. सुट्टीत आजोळी जावे तर तिथे ही मुले जड होत.

अशा मुलाला रान आपलेसे वाटले यात नवल नाही. पण रानातला हा विल्यम काही हळवा नव्हता. ‘प्रिल्यूड’ या आपल्या काव्यमय आत्मचरित्रात त्याने सांगितले आहे की तो रात्री फासे लावून पाखरे पकडी, दुसऱ्याच्या फाशातली चोरी, आणि डोमकावळ्याच्या घरट्यासाठी उंच कड्यावर बोटांनी लोंबकळे. पक्षी हा त्याला हस्तगत करण्याचा पदार्थ होता. आणि अशा पोराच्या हाती कधीही न लागणारा पक्षी कोणता असेल, तर तो कुक्कू. कारण त्याला घरटेच नाही! कडा चढून जावे, तर कुठे? अंडे सापडलेच तर ते दुसऱ्याच्या घरात. दुसऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला दुसऱ्याच्या घरात वाढणाऱ्या पक्ष्याची ओढ लागावी, हा विचार माझ्या मनात येतो खरा. पण कवीने ही तुलना कुठे केलेली नाही, तेव्हा मीही ती ताणत नाही.

मात्र १८०२ च्या मार्चातच ही आठवण का उसळून आली, याला कारणे दिसतात. १४ मार्चच्या सकाळी न्याहारीच्या वेळी भावाबहिणींचे फुलपाखरांवरून बोलणे निघाले. लहानपणी आपण फुलपाखरांमागे धावत असू, पण पंखांवरची धूळ पुसली जाईल म्हणून भीती वाटे, असे डोरोथी म्हणाली. विल्यमने पायमोजे घातले नाहीत, घास तोंडात घातला नाही, सदऱ्याची कळी उघडी टाकून तिथेच फुलपाखराची कविता लिहिली. नऊ वर्षे ज्यांना एकत्र बालपण मिळाले नाही, ती दोघे तिशीत बसून ते तुकड्यातुकड्यांनी जुळवीत होती. २६ मार्चला इंद्रधनुष्यावरची प्रसिद्ध छोटी कविता झाली आणि २७ ला, पुन्हा न्याहारीच्याच वेळी, बालपणीच्या तेजाचे पुढे काय होते हे विचारणाऱ्या त्याच्या महान ‘ओड’चा आरंभ झाला. कुक्कू हा त्या आठवड्याचा पहिला स्वर.

पण रोजनिशीत आणखी एक नोंद आहे, कवितेच्या आदल्या दिवसाची. २२ मार्चला या दोघांनी ठरवले की अ‍ॅनेटची भेट घ्यायची, आणि मग विल्यमने मेरीकडे जायचे. मेरी हचिन्सन ही त्याची वाग्दत्त वधू. अ‍ॅनेट व्हालों ही फ्रान्समधली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ साली, बावीस वर्षांच्या विल्यमचे तिच्यावर प्रेम बसले होते आणि त्या डिसेंबरात त्यांना कॅरोलीन नावाची मुलगी झाली. पैसे संपल्याने तो मायदेशी परतला, लगेच दोन्ही देशांत युद्ध जुंपले, आणि वाट बंद झाली. आता आमियेंचा तह होत होता. वाट उघडणार होती. कॅरोलीन नऊ वर्षांची झाली होती, आणि बापाने तिला बहुधा एकदाही पाहिलेले नव्हते. ही सारी हकीकत वर्डस्वर्थच्या घराण्याने शतकभर झाकून ठेवली. १९१६ साली हार्पर या अमेरिकन चरित्रकाराने ती उघड केली, आणि १९२२ साली फ्रेंच पंडित लेगुई यांनी अ‍ॅनेटची जुनी पत्रे प्रसिद्ध केली. युद्धामुळे ती कधी पोचलीच नव्हती; पोलिसांनी जप्त केल्यामुळे ब्लोआच्या दप्तरात पडून होती.

ज्याचे नाव माहीत आहे, ज्याची हाक मनात आहे, पण ज्याचे रूप कधी पाहिले नाही, असे कोणीतरी. आणि हे ठरवल्याच्या दुसऱ्या दिवशी न दिसलेल्या पक्ष्यावर कविता! एक दुसऱ्यामुळेच झाले असे सिद्ध करता येणार नाही, आणि इतिहासकाराने तसे म्हणूही नये. पण तारखा लागूनच्या आहेत, आणि त्या तारखा डोळ्यांआड करून कविता शिकवणे मला पटत नाही. त्या ऑगस्टात तो आणि डोरोथी कॅले बंदरात जवळजवळ महिनाभर राहिले. समुद्रकाठी संध्याकाळी चालताना बरोबर असलेल्या लहान मुलीवर त्याने जे सुनीत लिहिले, ती मुलगी कॅरोलीनच, असे अभ्यासक मानतात. ४ ऑक्टोबर १८०२ रोजी त्याने मेरीशी लग्न केले.

कुक्कूची दुसरीही एक बाजू त्या काळात माहीत होती. देवीच्या लशीमुळे अमर झालेल्या एडवर्ड जेन्नरने १७८८ साली रॉयल सोसायटीपुढे दाखवून दिले होते की कुक्कूचे आंधळे, उघडेबोडके पिल्लूच यजमानाची अंडी-पिल्ले पाठीवर घेऊन घरट्याबाहेर लोटते. त्याबद्दल त्याला सोसायटीचे सभासदत्व मिळाले, लस नंतरची. वर्डस्वर्थने या क्रौर्याचा एक शब्दही काढला नाही. काही टीकाकारांना हा दोष वाटतो. मला वाटत नाही. त्याला पक्षी हवाच नव्हता, हाक हवी होती.

कविता १८०७ साली दोन खंडांच्या संग्रहात आली. एडिंबरो रिव्ह्यूमध्ये फ्रान्सिस जेफ्रीने त्या संग्रहाची रेवडी उडवली. क्षुद्र विषयांवर पोरकट कविता, असा एकूण सूर. १८१५ च्या प्रस्तावनेत वर्डस्वर्थने कुक्कूचे उदाहरण घेऊन उत्तर दिले ते वाचण्यासारखे आहे. कुक्कू सबंध वसंतभर ऐकू येतो पण क्वचितच दिसतो, हे आपल्या स्मृतीला ठाऊक असते. म्हणून कल्पनाशक्ती त्याचे शरीर जवळजवळ काढून घेते, असे तो सांगतो. पुढे १८६१ साली पाल्ग्रेव्हच्या ‘गोल्डन ट्रेझरी’त ही कविता निवडली गेली, आणि त्या पुस्तकावाटे ती आपल्याकडच्या कॉलेजांत व शाळांत पोचून अखेर कोकिळा झाली.

हल्ली तिकडे मुलांना कुक्कू ऐकणेही दुर्मीळ होत चालले आहे. २००९ साली ब्रिटनच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत त्याचे नाव गेले.

कवीला स्वतःला ही कविता कधी पुरी झाली असे वाटलेले दिसत नाही. मार्चात आठवणीतून जे भराभर आले, ते मे महिन्यात खरा पक्षी समोरच्या डोंगरात ओरडू लागल्यावर अडले. १४ मेला डोरोथी लिहिते की कुक्कूसाठी एक विशेषण शोधता शोधता विल्यम थकून गेला. ती शोधाशोध पुढे चाळीस वर्षे चालली. दुसरे कडवे त्याने आवृत्तीमागून आवृत्तीत बदलले. १८०७ च्या छापील पाठात पक्ष्याची हाक अस्वस्थपणे इकडेतिकडे घुमत होती. १८४५ च्या पाठात ती एकाच वेळी दूरही आहे आणि जवळही. तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता, राजकवी होता. त्याच घरात, रायडल माउंटला, डोरोथीही होती. दहा वर्षांपासून तिचे मन आजारी होते. रोजनिशी लिहिणे कधीच थांबले होते, आणि २३ मार्चची ती वही कपाटात कुठेतरी पडून होती.