बक्षीस वाटून घ्यावं का? रियाधमधून एक उत्तर

पोकरच्या टूर्नामेंटमध्ये शेवटचे दोघं-तिघं उरले की बरेचदा खेळ थांबवून बक्षीस वाटून घेतात. पैसे मुळात खेळाडूंनीच भरलेले, मग हरकत कुणाची? सौदी अरेबियात मात्र गाडी इथेच अडते. खेळणाऱ्यांनीच पैसे लावायचे आणि जिंकणाऱ्यानं उचलायचे, याला तिथे ‘मैसिर’ म्हणतात, म्हणजे जुगार.

बक्षीस नेमकं कुणाचं, हा वाद त्या परंपरेत फार जुना आहे. हदीसप्रमाणे बक्षीस चालतं ते उंट, घोडे आणि बाण यांच्या स्पर्धांना. आता दोन घोडेस्वारांनी आपापले पैसे लावले तर? बऱ्याच शास्त्र्यांनी तोडगा काढला ‘मुहल्लिल’चा: तिसरा स्वार, दमडीही न लावणारा, पण जिंकला तर सगळं त्याचं. अट एकच, त्याचा घोडा तोडीस तोड हवा. निकाल आधीच ठाऊक असेल तर तो जुगारच. चौदाव्या शतकात इब्न तैमिया आणि त्याचा शिष्य इब्न अल-कय्यिम म्हणाले, तिसऱ्याची गरजच नाही. (सौदी धर्मविचारावर या दोघांचाच पगडा मोठा!)

जानेवारी २०१६ मध्ये ग्रँड मुफ्तींनी बुद्धिबळ निषिद्ध ठरवल्याची क्लिप गाजली. आणि डिसेंबर २०१७ मध्ये रियाधलाच जागतिक रॅपिड आणि ब्लिट्झ स्पर्धा झाली, बक्षिसं सुमारे २० लाख डॉलर! पैसे यजमानांचे, खेळाडूंचे नव्हेत. रॅपिडमध्ये आनंद, फेदोसेयेव आणि नेपोम्निशी तिघेही १०.५ गुणांवर. वाटाघाट नाही, टायब्रेकमध्ये आनंदनं फेदोसेयेवला २-० हरवलं.

याच नेपोम्निशीनं ३१ डिसेंबर २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये कार्लसनबरोबर ब्लिट्झचं विजेतेपदच वाटून घेतलं. ३.५-३.५ झाले होते, दोघं दमलेले. बरीच टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. बरोबरी झाल्यावर नियमानं पैसे विभागणं वेगळं. बुद्धिबळात ‘हॉर्ट पद्धत’ आहेच, अर्धी रक्कम क्रमानुसार, अर्धी समान. पण बाहेरच्यानं बक्षीस लावलं ते लढतीसाठी. ती अर्ध्यावर सोडायचा हक्क फक्त दोन खेळाडूंचा कसा?

आपल्याकडच्या जत्रेतल्या फडावर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं-निम्मं, त्यावर कुणी कुरकुरत नाही. पण दोघांनी आधीच ठरवल्याचा वास आला की लोक ‘नुरा कुस्ती’ म्हणून हुर्यो उडवतात.