काचेच्या गोळ्यातलं ऊन

गेल्या मार्चमध्ये मी आठ सेंटिमीटर व्यासाचा काचेचा गोळा ऑनलाइन मागवला. रील्समध्ये असतात तसे फोटो काढायचे होते: गोळ्यात उलटं शहर, मागे धूसर आकाश. दोन दिवस टेकडीवर जाऊन भरपूर फोटो काढले. तिसऱ्या दिवशी गोळा खिडकीत ठेवून ऑफिसला गेलो.

संध्याकाळी घरमालकीण काकू दारातच उभ्या. "अरे, तुझ्या खोलीतून जळका वास येत होता. दुसऱ्या किल्लीने उघडून पाहिलं तर पडदा धुमसतोय! काय ठेवलं होतंस तिथे?"

पडद्यावर बोटभर लांबीची काळी, किंचित वाकडी रेघ होती. थोडा उशीर झाला असता तर खोली गेली असती.

कारण शाळेतलंच: अपवर्तन. प्रकाश काचेत शिरताना वळतो, बाहेर पडताना पुन्हा वळतो. दुरून आलेले किरण गोळ्याच्या मागे, व्यासाच्या साधारण पाव अंतरावर एकत्र येतात. माझ्या गोळ्यासाठी ते अंतर दोन सेंटिमीटर. तिथेच समोरच्या दृश्याची उलटी प्रतिमा तयार होते. म्हणजे पडदा जाळणारा ठिपका हा सूर्याचा फोटोच होता, आणि सूर्य सरकत गेला म्हणून ठिपक्याची रेघ झाली.

त्या रात्री मी याबद्दल वाचायला बसलो, आणि हजार वर्षं मागे गेलो.

अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या शास्त्रज्ञाने जाळणाऱ्या गोळ्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला होता. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, मंगोल राजवटीतल्या इराणमध्ये, कमाल अल-दीन अल-फारिसीने त्याचं लेखन पुन्हा उघडलं. फारिसीला इंद्रधनुष्याचं कोडं सोडवायचं होतं. अडचण अशी, की पावसाचा थेंब बारीक असतो आणि हातात थांबत नाही. मग त्याने पाण्याने भरलेला काचेचा गोळा घेतला, त्याला एक मोठा थेंब मानलं आणि अंधाऱ्या खोलीत मोजका प्रकाश त्याच्यावर सोडला. प्रॉडक्शनमधला बग सापडत नसेल तर आम्ही तो आधी आपल्या मशीनवर घडवून आणतो, तसंच हे. उत्तर मिळालं: प्रकाश थेंबात शिरताना वळतो, आतून एकदा परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. दोनदा परावर्तित झाला तर वरचं दुसरं, फिकट इंद्रधनुष्य दिसतं.

जवळपास त्याच वर्षांत जर्मनीतला एक धर्मगुरू, फ्रायबर्गचा थिओडोरिक, असाच प्रयोग करून त्याच उत्तरापाशी पोचला. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. देकार्तचं पुस्तक 1637 मध्ये आलं. त्यानेही पाण्याने भरलेला गोळा वापरला आणि इंद्रधनुष्याचा सुमारे 42 अंशांचा कोन का येतो, हे गणिताने दाखवलं. इंजिनिअरिंगला असताना मी देकार्त आणि न्यूटनची नावं ऐकली होती. फारिसीचं नाव पडदा जळाल्यावर कळलं, याची थोडी लाज वाटली.

पण माझ्या रेघेचं नातं दुसऱ्याच माणसाशी निघालं. जॉन फ्रान्सिस कॅम्बेल, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोककथा गोळा करणारा. 1853 मध्ये त्याने लाकडी वाडग्यात पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवला. ऊन पडलं की लाकूड जळायचं, ढग आले की जळणं थांबायचं. किती वेळ ऊन होतं, ते सूर्यच लिहून ठेवायचा. पुढे भरीव काचेचा गोळा आला. 1879 मध्ये जॉर्ज स्टोक्सने वाडग्याऐवजी धातूची चौकट आणि रोज बदलायचा कागदी पट्टा आणला. न वीज, न हलणारा भाग. हे यंत्र जगभरच्या वेधशाळांत पोचलं. आपल्या हवामान खात्यानेही ते वापरलं.

मी पडदा पुन्हा पाहिला. रेघ मध्ये एका ठिकाणी तुटली होती. त्या दुपारी थोडा वेळ ढग आला असावा.

काकूंना नवा पडदा आणून दिला आणि माफी मागितली. जुना त्या टाकून देणार होत्या, तो मी मागून घेतला. गोळा आता जाड कापडात गुंडाळून कपाटात असतो. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही तसाच ठेवा.