बोरघाटातली थकलेली मजुरी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले याने १८६० साली लंडनला इंजिनिअरांच्या संस्थेपुढे या रेल्वेवर निबंध वाचला. बोरघाटाचा हिशेब तेव्हाच्या कागदपत्रांत फुटाफुटाने मांडलेला आहे: पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, सर्वांत अवघड जागी ३७ फुटांना एक फूट उभार. मजुरांचा हिशेब इतका नीट सापडत नाही. तो शोधायचा तर तंट्याचे कागद चाळावे लागतात.

खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली सुरू झाली होती, खाली खोपोलीपर्यंतही रूळ आले होते. मधला घाट तेवढा उतारूंना पालखीने चढावा लागे. तो फोडण्याचा ठेका विल्यम फॅव्हिएलकडे होता. त्याच्या हाताखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम आणि सर्वांत शेवटी मजूर. पैसा याच उतरंडीने खाली यायचा आणि वाटेतच अडायचा. जानेवारी १८५९मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल उसळली, मजूर गोऱ्या कामदारांवर चालून गेले. दोनेक महिन्यांत फॅव्हिएलने ठेका सोडला. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका स्वतःकडे ठेवला आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या इंजिनिअरांकरवी तडीस नेला. १८६१च्या सुमारास घाटात ४२ हजारांवर माणसे राबत होती. मेलेल्या मजुरांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, म्हणून तो इथे देत नाही.

दंगलीचा खरा माग कायद्याच्या पुस्तकात लागतो. १८६०चा नववा कायदा रेल्वे, कालवे अशा सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढावेत म्हणून झाला, आणि बोरघाटातली दंगल हे त्यामागचे एक मोठे कारण. मजुराला दाद मागायला दार उघडले, हे खरे. पण त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला गुन्हेगार ठरवले. माझ्या मते सरकारला न्यायाइतकीच काम बंद पडण्याची धास्ती होती.

घाटातून गाडी १८६३ साली धावली. बर्कले त्याआधीच, १८६२ साली वारला होता. तो कायदा मात्र १९३२मध्ये रद्द होईपर्यंत पुस्तकात राहिला.