स्कँडिनेव्हियन भाषा : विद्यापीठीय अभ्यासाची साधने

डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक व फेरोईज या भाषा प्राचीन नॉर्सपासून विकसित झालेल्या असून त्यांचा समावेश इंडो-यूरोपीय भाषाकुलाच्या जर्मानिक शाखेत होतो. फिनिश ही भूगोलाने जवळची, परंतु कुलाने वेगळी भाषा होय. या भाषांच्या अभ्यासाची साधने म्हणजे प्रामुख्याने हस्तलिखिते, कोरीव लेख, व्याकरणे, कोश व बोलींचे संग्रह. ती कोणी व कोठे जमविली, यावर अभ्यासाची व्याप्ती ठरत आली आहे. उत्तर यूरोपाच्या इतिहासात हे जसे दिसते, तसेच त्या प्रदेशाच्या मराठीशी आलेल्या संबंधांतही दिसते.

आइसलँडिक विद्वान आर्नी माग्नुसॉन (१६६३–१७३०) याने आइसलँडमधील जुनी हस्तलिखिते जमवून कोपनहेगन येथे नेली. १७२८ च्या आगीत त्यांपैकी काही नष्ट झाली. उरलेला संग्रह त्याने तेथील विद्यापीठास दिला. त्यातील बराच भाग १९७१ ते १९९७ या काळात आइसलँडला परत करण्यात आला. नॉर्वेत ईव्हार ओसेन (१८१३–९६) याने खेडोपाडी हिंडून बोलींतील शब्द टिपले आणि व्याकरण (१८४८) व कोश (१८५०) सिद्ध केला. त्याच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या लेखनभाषेस १८८५ मध्ये दुसऱ्या लेखनभाषेच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. स्वीडिश अकादमीच्या ऐतिहासिक कोशाचा पहिला खंड १८९८ मध्ये, तर अखेरचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठीशी या प्रदेशाचा पहिला संबंध अप्रत्यक्ष होता. बंगालमधील श्रीरामपूर ही १८४५ पर्यंत डॅनिश वसाहत होती. कंपनी सरकारच्या मुलखात मिशनऱ्यांना मज्जाव असल्याने विल्यम कॅरी व त्याचे सहकारी या वसाहतीच्या आश्रयास राहिले. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने तयार झालेले कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) तेथेच छापले गेले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ रास्मुस रास्क (१७८७–१८३२) हा १८२० मध्ये मुंबईस आला. त्याने पारशी समाजाकडून मिळविलेली अवेस्ता व पेहलवी हस्तलिखिते कोपनहेगनला गेली व तेथील इराणी भाषांच्या अभ्यासाचा पाया ठरली.

जॉर्ज ग्रीअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड (१९०५) नॉर्वेजियन संस्कृतज्ञ स्टेन कोनो (१८६७–१९४८) याने तयार केला. बोलींचे नमुने स्थानिक अधिकाऱ्यांमार्फत मागविण्यात येत. एका ठराविक कथेचे बोलीत रूपांतर व शब्दांची यादी असे त्यांचे स्वरूप होते. या सर्वेक्षणाचे कार्यक्षेत्र हैदराबाद संस्थानापर्यंत पोहोचले नाही. जालना तेव्हा त्या संस्थानात असल्याने येथील बोली पाहणीबाहेर राहिली, तर शेजारच्या वऱ्हाडातील बोलीची सविस्तर नोंद झाली. भाषा सरहद्दीवर थांबत नाही. साधने मात्र थांबली. जालना हा स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला. बोलींच्या ध्वनिमुद्रित नोंदींचे सर्वेक्षण डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांनी पुढे एकविसाव्या शतकात हाती घेतले.

साहित्याच्या क्षेत्रात ओघ उलट दिशेने वाहिला. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्न्सॉन (१८३२–१९१०) याच्या नाटकावर आधारलेले श्री. वि. वर्तक यांचे आंधळ्यांची शाळा हे नाटक नाट्यमन्वंतर या संस्थेने १९३३ मध्ये रंगभूमीवर आणले व मराठीत वास्तववादी नाट्यप्रयोगाचा नवा मार्ग खुला केला. अनंत काणेकर यांचे घरकुल (१९४१) इब्सेनच्या (१८२८–१९०६) नाटकाचे रूपांतर होय. तथापि या नाटककारांशी मराठी वाचकांचा परिचय मुख्यतः इंग्रजी भाषांतरांतून झाला. मूळ भाषेतील उपरोध, बोलीभेद व धर्मविषयक संकेत भाषांतरात कितपत उतरले, हे पडताळून पाहण्यास मूळ भाषेचे ज्ञान लागते.

पूर्वी त्या ज्ञानासाठी परदेशी ग्रंथालय गाठणे अपरिहार्य होते. लिंचपिंग येथे १९९२ मध्ये सुरू झालेल्या रूनेबेर्य प्रकल्पाने जुने नॉर्डिक ग्रंथ संगणकावर खुले केले असून स्वीडिश अकादमीचा कोशही त्याच मार्गाने पाहता येतो. त्यामुळे जालन्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही मूळ ग्रंथ उघडता येतात. ग्रंथ हाताशी आले, तरी भाषा शिकविणारा अध्यापक व मराठीतून लिहिलेले व्याकरण आणि कोश यांची गरज त्यामुळे संपत नाही. ओसेनने आपल्या लोकांच्या बोलीसाठी जे केले, त्याचा अभ्यास करणाऱ्याला आपल्या परिसरातील नोंदीविना राहिलेल्या बोलीकडे वळण्याची दृष्टीही त्यातून मिळू शकते.