बिनतारी हेडसेट : कानाची आणि तोंडाची वाटणी



२०२० सालच्या टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली, आणि आमच्या शेजारचे एक गुरुजी घरच्या पडवीतून मुलांना शिकवू लागले. त्यासाठी त्यांनी तालुक्याच्या गावाहून एक बिनतारी हेडसेट आणला. दुकानदाराने त्यावर नाट्यगीत ऐकवले; गवई शेजारी बसून गातो आहे असे वाटले म्हणे. पण दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला, तो मुलांचे आवाज डब्यात तोंड घालून बोलावे तसे येऊ लागले. संध्याकाळी गुरुजींच्या चिरंजीवांनी तोच हेडसेट चढवून संगणकावर खेळ मांडला, तर पडद्यावर बार आधी उडे आणि आवाज मागाहून कानी येई. गुरुजींना वाटले, माल खोटा निघाला. माल खोटा नव्हता. मग घोटाळा कुठे होता? त्यासाठी जरा मागे जाऊ या.

१९१० साली अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपल्या स्वयंपाकघरातील टेबलावर हेडफोन तयार केले आणि ते आरमाराकडे धाडले. आरमाराला ते पसंत पडले, मागणी आली. पण कारखाना म्हणजे ते स्वयंपाकघरच! एका वेळी दहाच नग होतील, असे त्याने कळवले. हे यंत्र केवळ कानासाठी होते. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा स्फटिकाच्या साध्या संचावर ऐकणारे लोक असाच हेडफोन लावीत. घरात माणसे चार आणि हेडफोन एक, अशा वेळी तो वाडग्यात ठेवायचा, म्हणजे आवाज थोडा घुमतो, ही युक्ती त्या काळची.

ऐकणे आणि बोलणे एकत्र हवे होते ते टेलिफोनच्या ऑपरेटरांना, आणि पुढे वैमानिकांना. १९६१ साली दोन अमेरिकन वैमानिकांनी प्लँट्रॉनिक्स ही कंपनी काढली व हलका हेडसेट बनवला. १९६९ साली चंद्रावरून आर्मस्ट्राँगचे शब्द आले ते याच कंपनीच्या हेडसेटमधून. तेव्हा हेडसेटला तार होती. तारेचा एक गुण असा, की कानाची वाट वेगळी, तोंडाची वेगळी; कोणी कोणाच्या आड येत नाही.

ही तार गेली आणि वाटणीचा प्रश्न उभा राहिला. १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत ब्लूटूथचे काम सुरू झाले. (हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या एका राजाचे, अर्थ निळा दात. शास्त्रज्ञांनाही गंमत सुचते!) याची वाट अरुंद. नेहमीच्या पद्धतीत गाणे नुसते ऐकायचे असेल तेव्हा ती सगळी वाट कानाला मिळते. माईक उघडला की यंत्र दुसऱ्या पद्धतीवर जाते, येणारा आणि जाणारा आवाज त्याच वाटेत बसवावा लागतो, आणि दोन्ही चेपले जातात. गुरुजींच्या डब्याचे मूळ ते हे. शिवाय आवाज बांधायचा, धाडायचा आणि सोडायचा, यात सेकंदाचा पाचवा-दहावा हिस्सा सहज जातो. गाण्याला त्याचे काही नाही. खेळणाऱ्याचा मात्र तेवढ्यात डाव जातो.

म्हणून ज्यांना एकाच हेडसेटवर कामही करायचे आहे आणि खेळायचेही, त्यांनी बोटाएवढा एक ठोकळा सोबत येतो तो हेडसेट पाहावा. ठोकळा संगणकात खोचायचा. तोही ब्लूटूथच्याच लहरींच्या पट्ट्यात बोलतो, पण आपल्या एकट्या हेडसेटशी आणि आपल्या रीतीने. त्यामुळे उशीर पुष्कळ कमी, आणि माईक उघडल्यावर आवाज सहसा तितका चेपत नाही. फोनसाठी ब्लूटूथही असलेला मिळाला तर उत्तमच. डोक्यावर चार तास ठेवायचा आहे, तेव्हा वजन हातात घेऊन पाहा. आणि दुकानात नुसते गाणे ऐकून पैसे मोजू नका. माईक सुरू करा, सोबतच्या माणसाला बाहेर रस्त्यावर उभे करून त्याला फोन लावा, आणि दोघांनी बोलून पाहा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्यावा.

आमच्या गुरुजींनी नवा हेडसेट घेतलाच नाही. कपाटात पडलेला तारेचा जुना माईक त्यांनी संगणकाला जोडला. ऐकायचे हेडसेटवर, बोलायचे माईकवर. मुलांचे आवाज त्याच दिवशी स्वच्छ झाले. चिरंजीव मात्र अजून ठोकळ्याच्या हेडसेटसाठी पैसे साठवीत आहेत.